शेवटची सुई

"आता ह्याला बी द्या की, डाक्टर. उरलंय न्हवं बाटलीत?"

तान्हुबाई ढेबे आपल्या कुत्र्याच्या मानेत हात अडकवून माझ्यासमोर उभी होती. कुत्र्याचं नाव साहेब. तांबूस अंग, गळ्याभोवती पांढरा पट्टा, लांबट तोंड, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यातून मोडलेला. तिच्या सव्वीस शेळ्या नुकत्याच टोचून झाल्या होत्या आणि वाड्याच्या कुडाला अंग घासत बेंबटत होत्या. मार्च महिना, दुपारचे दोन वाजलेले आणि त्या दिवसातली माझी ती चौथी वस्ती.

मी डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी पशुधन पर्यवेक्षक. बत्तीस वाड्या-वस्त्या, एक मोटारसायकल आणि शेजारच्या दवाखान्यातली जागा रिकामी म्हणून तिचाही भार माझ्याच डोक्यावर. "अहो, डॉक्टर नाही हो मी," असं सांगून सांगून जीभ झिजली, शेवटी तेही सोडून दिलं. आता निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बाजारात कुणीतरी "ओ डाक्टर!" अशी हाक मारतं आणि मी मुकाट्यानं वळून बघतो.

आमच्या भागात तेव्हा एक रीत पडली होती आणि ती पाडणारा मीच. शेळ्यामेंढ्यांना गोचीड-खरजेची सुई द्यायची आणि बाटलीत जे उरेल ते वस्तीवरच्या कुत्र्याला टोचून टाकायचं. लोक तिला 'शेवटची सुई' म्हणायचे. उघडी बाटली उन्हातून पुढच्या वस्तीला न्यायची कशाला, हा एक विचार. दुसरा असा की, सुईनंतर दोन दिवसांत कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वाळून गळायचे, खरजेनं उघडी पडलेली पाठ महिन्यात केसांनी भरून यायची आणि लोक म्हणायचे, "भोईटे डाक्टरच्या हाताला गुण हाय." हे ऐकायला कुणाला आवडत नाही? चौदा वर्षं मी ती शेवटची सुई देत होतो. एकही कुत्रं दगावलं नव्हतं.

"धरा नीट," मी म्हणालो.

"धरलंय की. लई गुणाचा हाय. ह्याचं नाव साहेब का ठिवलं, ठावं हाय का तुमाला? ह्याची आई हाय न्हवं, ती..."

"मावशी, पुढच्या खेपेला सांगा. अजून खालची वस्ती राहिलीय. पाय दुखायला लागलेत आता."

तिनं कुत्र्याची मान घट्ट धरली. मी बाटली उलटी केली आणि होतं नव्हतं ते सिरींजमध्ये ओढून घेतलं. किती होतं ते बघितलं नाही. कुत्र्याचं वजनही केलं नाही, कधीच करत नव्हतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई मारली. साहेबानं 'कूं' केलं, माझा हात चाटला आणि लगेच शेळ्यांकडं पळाला. मी उभ्या उभ्याच ताकाचा गडू रिकामा केला आणि खाली ठेवलेल्या गाडीकडं निघालो.

धावड्याचा माळ म्हणजे डोंगराच्या अंगाला एक लांबलचक उघडं पठार. त्याच्या एका टोकाला तान्हुबाईचं घर, दुसऱ्या टोकाला बाबू आखाड्याचं. मध्ये अर्धा मैल गवत आणि कारवीची झुडपं. खालच्या दरीत बिबट्या होता. तो असतोच तिथं, त्यात काही विशेष नाही. तान्हुबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा साताऱ्यात कारखान्यात कामाला होता. तो दर सणाला यायचा आणि एकच धोशा लावायचा, "आई, शेळ्या इकून टाक आन् चल." ही दर वेळी एकच उत्तर द्यायची, "साहेब हाय तवर मी हितं." बिबट्याची चाहूल लागली की ते कुत्रं घरामागच्या दगडावर चढून असं काही भुंकायचं की खालच्या गावापर्यंत ऐकू जायचं, आणि तेवढ्यात तान्हुबाई पेटतं लाकूड घेऊन बाहेर यायची. त्या दोघांच्या जिवावर ते घर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात थांबला. "डाक्टर, तान्हुबाईचं कुत्रं लोळतंय म्हनं. लगोलग या म्हनलीय."

मी हातातलं रजिस्टर मिटून तसाच उठलो. इतकी घाई का, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

साहेब ओसरीवर एका पोत्यावर आडवा पडला होता. तोंडातून लाळेची तार, पाय मधूनच चालल्यासारखे हलत होते. डोळे सताड उघडे, बुबुळं एवढी फाकलेली की डोळ्यात काळ्याशिवाय काही दिसेना. मी डोळ्यासमोर बोट नाचवलं. पापणी हलली नाही. कानाशी टाळी वाजवली. काही नाही. तान्हुबाई त्याच्या पाठीशी बसून होती. तिच्या पदराला, हाताला सगळीकडं लाळ लागलेली.

"दिवस कलताना पाय लटपटाय लागलं," ती म्हणाली. "ताडी प्याल्यागत चालाय लागला. भितीला धडाकला. मग बसला त्यो बसलाच. काय झालं असंल, डाक्टर?"

त्या वेळी खरं बोलायला एक क्षण पुरला असता. मी कुत्र्याची नाडी बघत बसलो, मग ताप बघितला, मग पिशवीत उगाच काहीतरी शोधलं. आणि म्हणालो, "काहीतरी खाल्लंय ह्यानं. माळावर कुणीतरी विष घातलं असणार."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "असंल."

मी सलाईन लावलं आणि तसाच तालुक्याला पळालो. तिथं डॉ. किणीकर मॅडम होत्या. नव्यानंच आलेल्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. लांबून भाषण देणाऱ्यातल्या नव्हत्या, बाह्या वर करून गाभण म्हशीत हात घालणाऱ्या. त्यांना मात्र मी सगळं खरं सांगितलं. तिथं खोटं बोलून कुत्रं वाचणार नव्हतं.

"किती दिलंत?"

"उरलेलं सगळं. दीड मिली असेल. दोन असेल."

"असेल? शेळीच्या ताकदीचं औषध, तेही डोळे झाकून? आणि कुत्रं कुठल्या जातीचं?"

"गावठीच आहे मॅडम. थोडं मिसळलेलं असेल. असली कुत्री दणकट असतात. त्यांना काही होत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भोईटे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मिसळलेलं म्हणजे काय मिसळलंय, हेच तर आपल्याला ठाऊक नसतं. आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं का? दिसतं कसं ते सांगा मला."

मी सांगितलं. तांबूस अंग, पांढरा पट्टा, लांब तोंड, मोडलेला कान.

"कॉलीचं रक्त असणार कुठंतरी. मेंढ्या राखणारी विलायती जात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या मेंदूभोवतीचं कुंपण कच्चं असतं. दुसऱ्या कुत्र्यांत हे औषध बाहेरच अडतं, यांच्यात थेट आत शिरतं. निम्मं रक्त असलं तरी मोठ्या मात्रेला टिकाव लागत नाही."

"उतारा?"

"नाही. औषध आपोआप उतरेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं. आठवडा लागेल, दोन लागतील. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर अंगाला फोड येतील, छातीत पाणी होईल. पापणी मिटत नाही, तेव्हा डोळ्यांत मलम घालत राहायचं. गिळता येत नाही तोवर तोंडात थेंबही ओतायचा नाही. सगळं शिरेतून. आणि भोईटे..."

"हां."

"त्या बाईंना खरं काय ते सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या म्हटलं. चौदा वर्षांचा हाताचा गुण एका वाक्यात जाणार होता. बत्तीस वस्त्यांवर बोभाटा झाला असता की, भोईटेच्या सुईनं कुत्रं मेलं. मग उद्या कुणी शेळीलासुद्धा हात लावू देणार नाही, असं मी मनाला समजावत होतो. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण तेही नव्हतं. मला तिच्या तोंडाची भीती वाटत होती, बस्स.

मग सुरू झाली ती अतोनात दमवणारी ये-जा. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी एक फेरी, दुपारी बाकीची कामं उरकून दुसरी. सात किलोमीटर चढ, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर नुसता दगडांचा, तिथं गाडी ठेवून पायी. घरी बायको म्हणायची, "माणसासाठी तरी एवढं केलंत का कधी?" मी जेवता जेवता ताटावरच पेंगायचो. कमरेचं दुखणं तेव्हा लागलं ते आजतागायत आहे.

तान्हुबाई मात्र माझ्यापेक्षा जास्त करत होती. तिनं पोत्याखाली वाळलेलं गवत अंथरलं होतं, वर जुनी गोधडी. घड्याळ नव्हतं, तर भिंतीवर कोळशानं रेघा ओढून उन्हाच्या कवडशावर ती दोन तास मोजायची आणि कूस बदलायची. रात्री काय करायची देव जाणे. मलम घालताना ती बोलायची, "डोळा उगड म्हनलं तर उगडाच ठिवलास व्हय रं, मुडद्या? मीट की आता." असं म्हणून स्वतःच हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची.

बसल्या बसल्या मी साहेबाला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मोडक्या कानाच्या घडीत घाण साचून आत लाल झालं होतं. बोटांच्या बेचक्यात गोचीड वाळून चिकटले होते. दाढांवर पिवळा थर, आणि हिरड्या इतक्या फिकट की जंत असणार हे शेंबडं पोरही सांगेल.

"मावशी, याला पिसाळल्याची सुई कधी दिली होती?"

"कवाच न्हाई."

"आणि पिल्लू असताना? हगवणीची, तापाची?"

"न्हाई की."

"का नाही? दवाखान्यात असते की. जंताचं औषध तरी तीन महिन्यांनी घालायचं."

"तुमीच म्हनला हुता न्हवं," ती साधेपणानं म्हणाली, "गावठीला काय हुत न्हाई, असली कुत्री दगडागत असत्यात. मी इचारलं हुतं तुमाला. पलीकडच्या दसऱ्याला."

मला आठवलंही नाही. पण मी म्हणालो असणार. सगळीकडं तेच म्हणत होतो. वस्तीवर कुत्रं घेऊन कुणी आलं की तेवढं एक वाक्य फेकलं की काम संपायचं. पाच मिनिटं वाचायची. त्या पाच-पाच मिनिटांत किती कुत्री गेली असतील, कोण मोजणार?

सोमवारी सकाळी गेलो तर तान्हुबाई वाड्याच्या दारात बसलेली. कुडाला भगदाड पडलेलं. बिबट्यानं एक पाट, तरणी शेळी, नेली होती, गाभण. खालपर्यंत ओढत नेल्याचा माग दिसत होता.

"वाजलं बी न्हाई," ती म्हणाली. "भुकणारं कोन हाय? सकाळी मोजल्या तवा पंचवीस."

त्याच दिवशी मुलाचा निरोप आला. रविवारी टेंपो घेऊन येतो, शेळ्या विकायच्या आणि आईनं साताऱ्याला यायचं. या वेळी ती "साहेब हाय तवर" असं म्हणाली नाही. "बरं" म्हणाली. मी ते ऐकलं आणि मान खाली घालून सलाईनचे थेंब मोजत राहिलो.

मंगळवारी बाबू आखाडे आला. माळाच्या पलीकडचा तो. त्याचं आणि तान्हुबाईचं चराईवरून पूर्वीपासून वाकडं. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार की, डाक्टर म्हणतोय विष घातलंय. मग माळावर राहून राहून माणूस एकच, दुसरं नाव कुणाचं घेणार? तो ओसरीच्या खाली उभा राहिला, टोपी हातात घेऊन. पन्नाशीचा माणूस.

"वैनी, तुमच्या माझ्यात हज्जार भांडणं असतील. पर मी मुक्या जनावराला इख घालीन? पोराबाळांची आन घिऊन सांगतो..."

मी सिरींज भरत होतो. ती भरतच राहिलो.

"आन घिऊ नगंस," तान्हुबाई म्हणाली. "तू न्हाईस, बाबू. मला ठावं हाय. जा गुमान घरी."

"मग कोन म्हनतंय?"

"कोन न्हाई म्हनत. जा. आन् जाता जाता त्या वाड्याच्या भगदाडाला चार काटक्या लाव, माझ्यानं उठवत न्हाई."

बाबूनं खरोखरच काटेरी फांद्या तोडून भगदाड बुजवलं आणि तो निघून गेला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्या दिवशी डोंगर उतरताना दोनदा गाडी थांबवली, मागं वळायचं ठरवलं आणि दोनदा पुन्हा चालू केली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बुधवारी साहेबाचे पाय हलायचे थांबले. गुरुवारी श्वास घरघरायला लागला. किणीकर मॅडम स्वतः वर आल्या, छातीला स्टेथोस्कोप लावून बसल्या, एक इंजेक्शन बदलून दिलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सांगितलंत?" मी पिशवीचा पट्टा आवळत राहिलो. त्यांना काय ते समजलं. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शुक्रवारी सकाळी मलम घालायला बोट नेलं आणि पापणी मिटली.

मला वाटलं भास झाला. पुन्हा बोट नेलं. पुन्हा मिटली. "मावशी!" मी ओरडलो. ती चुलीपुढून तशीच राखेच्या हातानं धावत आली. तिनं बघितलं, आणि कुत्र्याच्या पोटावर डोकं टेकून रडली, अगदी मोठ्यानं, तोंड उघडून. मीही रडलो. लपवून नाही. दहा दिवसांची झोप आणि दहा दिवसांचं खोटं, दोन्ही एकदम बाहेर आलं.

शनिवारी दुपारी मी पायवाटेनं वर पोचलो तेव्हा साहेब बसला होता. मुंडकं डगमगत होतं, मागचे पाय फेंगडे पडलेले, पण बसला होता. पुढ्यात पेजेची वाटी. मला इतका आनंद झाला की पिशवी तिथंच टाकून मी हात पुढं करून त्याच्याकडं गेलो.

त्याला नीट दिसत नसावं. नाकानं हुंगलं. आणि त्याचा वरचा ओठ उचलला गेला. घशातून खोल गुरगुर निघाली. मागच्या मागं फरफटत तो तान्हुबाईच्या मांडीआड गेला आणि तिथून दात दाखवत राहिला. सुई टोचतानाही ज्याचा हात त्यानं चाटला होता त्या माणसावर.

तान्हुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"मावशी," मी म्हणालो. "ह्याला कुणी विष घातलं नाही. माझ्या सुईनं झालं. मी न मोजता..."

"ठावं हाय."

"काय?"

"ठावं हाय मला. पयल्या दिवसापास्नं." तिनं वाटी पुढं सरकवली, कुत्र्यानं दोन घोट घेतले. "सकाळी माळभर पळणारं कुत्रं. तुमची सुई झाली आन् सांजच्याला पडलं. दुसरं काय खाल्लं हुतं त्येनं? माझ्या हातची भाकर. शेळ्या राखते म्हनून मला काय येवडं बी कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमी आला असता?"

मी पेजेच्या वाटीकडं बघत होतो. तिनं कुत्र्याचं तोंड पदरानं पुसलं.

"मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर तुमी म्हनला असता, म्हातारी येडी हाय. खालनंच गाडी वळवली असती. आन् माझं कुत्रं हितं पोत्यावर मेलं असतं. मला तुमच्याशी भांडायचं नव्हतं, डाक्टर. मला साहेब पायजे हुता." ती थांबली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "माणूस खोटं बोलला की रोज येतो. खरं बोलला की पाठ फिरवून मोकळा हुतो. मी तुमाला खोटं बोलू दिलं."

मी पायरीवर बसलो.

"बाबूला मातर तुमच्या तोंडानं सांगा," ती म्हणाली. "आजच. त्यो दोन रात्री जेवला न्हाई, त्येची बायकू सांगत हुती."

"जातो. इथून सरळ तिकडंच जातो."

"उद्याच्याला टेंपो येईल."

"मग?"

"मोकळा जाईल." तिनं साहेबाचा मोडका कान हलकेच उलटा करून बघितला, मी शिकवलं होतं तसा. "आता भुकायला येत न्हाई ह्याला. पर येईल. तवर मीच बोंबलीन दगडावर चढून."

मी उठायला लागलो. पिशवी उचलली. साहेब पुन्हा गुरगुरला.

"कुठं निघालासा?"

"बाबूकडं. आणि मग खालची वस्ती..."

"बसा," तान्हुबाई म्हणाली. हे ती पहिल्यांदाच हुकूम केल्यासारखी बोलली. "त्या दिवशी मी तुमाला काय सांगत हुते?"

मला आठवत होतं. अक्षर न् अक्षर आठवत होतं. गेले दहा दिवस दुसरं काही आठवतच नव्हतं. किणीकर मॅडमनी कुत्र्याचं रूप विचारलं तेव्हा माझ्या कानात तेच वाजत होतं.

"याचं नाव साहेब का ठेवलं, ते."

"आन् तुमी काय म्हनलासा?"

"पुढच्या खेपेला सांगा म्हणालो."

"ही फुडची खेप," ती म्हणाली. "इचारा."

मी पिशवी खाली ठेवली. मांडी घातली. चौदा वर्षांत कुठल्याही वस्तीवर मी मांडी घालून बसलो नव्हतो.

"मावशी, याची आई कोण होती?"

आणि तान्हुबाईनं सांगितलं. अगदी पहिल्यापासून सांगितलं. पाचगणीच्या बंगल्यातली ती एकटी पारशीण, तिला हिनं अकरा वर्षं घातलेलं दूध, तिची लांब केसांची विलायती कुत्री, जी फाटकातून येणाऱ्या शेळ्यांनासुद्धा आपोआप वळवून कोपऱ्यात उभी करायची. पारशीण गेली, बंगल्याला कुलूप लागलं, कुत्री फाटकाशीच बसून राहिली. कुठल्या गावठ्या कुत्र्यापासून तिला चार पिल्लं झाली. तीन कुणी कुणी नेली. चौथं मोडक्या कानाचं, ते कुणालाच नको होतं. ते हिनं ओटीत घालून चार मैल चालत वर आणलं आणि बंगल्यातलं म्हणून नाव ठेवलं साहेब.

सांगता सांगता उन्हं उतरली. शेळ्या आपल्या आपण वाड्याकडं परतल्या. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही, मध्ये एकदाही बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, "झालं. येवडंच सांगायचं हुतं," आणि मला ताकाचा गडू दिला. तो मी बसून प्यायलो. मग माळ ओलांडून बाबू आखाड्याच्या घराकडं चालू लागलो.